गोळी स्वस्त, हरीण महाग

फेब्रुवारीतल्या एका ओल्या संध्याकाळी आमच्या गावच्या सभागृहात हरणांवरून भांडण झालं. गाव स्कॉटलंडमधलं, पर्थशरमधलं. आणि भांडण शेजारच्या जंगलात हरणं मारायला नेमलेल्या कंत्राटदाराच्या पैशांवरून. मागच्या रांगेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी उठून विचारलं, "एक गोळी तीन पौंडांची. मग एका हरणामागे सत्तर पौंड कशाचे?" टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात विदर्भातल्या आर्वीहून दादाचा फोन आला. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा झोपवला होता, परवानगी मिळाली तर बाहेरून नेमबाज आणावा अशी गावात चर्चा होती, आणि नेमबाजाने सांगितलेला आकडा ऐकून दादा तापला होता. "गोळी कितीची हाये? मंग त्याले एवढे पैसे कायले पाह्यजे?"

मी हिशेबनीस आहे. इथल्या लहान धंद्यांची खाती लिहितो, आणि माझ्या गिऱ्हाइकांत हरणं मारणारा एक कंत्राटदारही आहे. म्हणजे त्याच्या कमाईवर माझीही थोडी भाकरी भाजली जाते. माझं बोलणं तेवढं वजा करून घ्यावं. संख्या आटोक्यात ठेवायला ठरवून जनावरं मारण्याच्या या धंद्याला इथे 'कलिंग' म्हणतात. मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं, सम्राट अशोकाबद्दल काहीतरी चाललंय. तसं पाहिलं तर फार चुकलं नव्हतं: प्रश्न मारण्याचाच आहे, फक्त इथे पश्चात्तापाऐवजी पावती फाडावी लागते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हरणं मारावीत की नाही, हा वाद खुशाल करा. पण मारायची असं एकदा ठरलं, की ते काम आहे. कामाची मजुरी दिवसांची, डोंगराची, अंतराची द्यायची असते. मुडद्यांच्या संख्येची नव्हे. आणि हे काम फुकटात किंवा गोळीच्या भावात होईल असं जो सांगतो, तो खर्च वाचवत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात ढकलतो.

आधी, मारायची वेळ का आली ते थोडक्यात. स्कॉटलंडमध्ये आज दहा लाखांच्या आसपास हरणं असल्याचा अंदाज 2020 साली सरकारने नेमलेल्या गटाने दिला. लांडगे केव्हाच संपले. मग एकोणिसाव्या शतकात माणसं हुसकावून मोकळे केलेले डोंगर धनिकांच्या शिकारीसाठी राखले गेले. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने 1852 साली बाल्मोरलची इस्टेट विकत घेतली आणि ती फॅशनच झाली. इस्टेटीची किंमत वर्षाला किती नर मारता येतात यावर ठरू लागली. जिथे जमिनीचा भाव शिंगांवर ठरतो, तिथे हरणं कमी होऊ देईल कोण? म्हणून आज रोवन, बर्च, स्कॉट्स पाइनची रोपं गुडघ्याएवढी होण्याआधीच खुडली जातात. कुंपण घालायचं तर मीटरमागे पैसे मोजायचे, आणि कॅपरकेलीसारखे दुर्मीळ पक्षी त्याच तारांवर आपटून मरतात. सरकार म्हणतं, वर्षाला आणखी पन्नास हजार हरणं मारली गेली पाहिजेत. कोण मारणार, हे विचारलं की सभागृहात शांतता.

आता त्या सत्तर पौंडांकडे येऊ. माझा हा गिऱ्हाईक दर एप्रिलमध्ये बुटांच्या खोक्यात पावत्या घेऊन येतो. अर्ध्या पावत्यांवरची शाई उडालेली असते, काहींवर तपकिरी डाग असतात. ते कशाचे हे मी पहिल्या वर्षी विचारलं, नंतर कधी विचारलं नाही. सगळ्यात मोठा गठ्ठा डिझेलचा. त्याखाली पिकअपचे टायर, चारचाकी बाइकची दुरुस्ती, सार्वजनिक दायित्वाचा विमा, शीतघराचं वीजबिल, मांस तपासणीच्या प्रशिक्षणाची फी. रायफल एकदा घेतली की पुष्कळ वर्षं टिकते. पण दुर्बीण आणि उष्णता टिपणारं यंत्र यांत हजारो पौंड जातात, आणि ते यंत्र पावसात एकदा दगडावर आपटलं की संपलं. बंदुकीच्या परवान्याची फी फेब्रुवारी 2025 मध्ये 88 पौंडांवरून 198 वर गेली. सरकारी जंगलांत शिशाची गोळी आधीच बंद झाली आहे, बाकी ठिकाणी 2029 पासून बंद व्हायची आहे. म्हणजे तांब्याची महाग गोळी. या सगळ्या ढिगाऱ्यात गोळ्यांचा खर्च शोधायला मला दरवर्षी चष्मा लावावा लागतो. एक गंमत: त्याच्या कुत्र्याचा खुराक धंद्याचा खर्च म्हणून कर खात्याला चालतो, कारण जखमी हरणाचा माग कुत्रा काढतो. त्याच्या स्वतःच्या घरच्या जेवणाचा मात्र चालत नाही.

पण खोक्यात न मावणारा खर्च वेगळाच आहे, आणि तो मला तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत कळला. "एक दिवस ये, मग माझे आकडे तपास," असं तो म्हणाला म्हणून गेलो. पहाटे साडेपाचला निघालो. जानेवारीत इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि चारला मावळतं. सूर्योदयाआधी एक तास ते सूर्यास्तानंतर एक तास, एवढाच वेळ कायद्याने मोकळा. रात्री मारायचं तर वेगळी परवानगी. चिखलबर्फातून दोन तास चढलो. दहाच्या सुमाराला समोरच्या उतारावर पाच माद्या दिसल्या. वारा आमच्याकडून तिकडे म्हणून मैलभर वळसा घातला, शेवटचं अंतर पोटावर सरपटलो. माझ्या बाहीतून शिरलेलं पाणी कमरेतून बाहेर पडत होतं. त्याने रायफल टेकवली, मिनिटभर पाहिलं आणि खाली ठेवली. मादीच्या मागे आकाश होतं, माती नव्हती. गोळी आरपार गेली तर कुठे जाईल ते सांगता येत नाही. माद्या उठून गेल्या. आम्ही काळोखात परतलो. गोळ्या शून्य, हरणं शून्य, डिझेल पाऊण टाकी. त्या सभागृहातल्या हिशेबाने या दिवसाची मजुरी किती?

त्याच आठवड्यात त्याने एक मादी पाडली. ती जागेवरच फाडून कोथळा बाहेर काढावा लागतो, आतले अवयव आणि गाठी रोगासाठी तपासाव्या लागतात, ओळखीची चिठ्ठी लावावी लागते, मग चाळीसेक किलोचं धूड दलदलीतून ओढत बाइकपर्यंत आणायचं. चिठ्ठीवर त्याची सही असते. मांसात काही निघालं तर तोच जबाबदार. तो त्रेपन्न वर्षांचा आहे आणि त्याच्या गुडघ्यांची झीज मी कुठल्याच रकान्यात लिहू शकत नाही.

मांसाचे पैसे मिळतात ना? मिळतात, करारात मांस त्याचं असेल तर. पुष्कळदा ते जमीनमालकाचंच असतं. भाव किलोला दोन-तीन पौंडांच्या आसपास घुटमळतो. डोंगरातल्या मादीचे त्यातून शंभरेक पौंड सुटतात, रो जातीच्या लहानग्या हरणाचे तीस-चाळीस. 2020 साली हॉटेलं बंद पडली आणि भाव कोसळला. झाडाची रोपं खाणाऱ्या हरणांना मात्र टाळेबंदी नव्हती. मांस हा त्याचा जोडधंदा आहे, पोटाचा धंदा नव्हे. हे उलटं समजणाऱ्यांमुळेच अर्धा वाद बिघडतो.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, हौशी शिकारी स्वतः पैसे मोजून हरण मारायला तयार असताना मारणाऱ्याला आपण का पैसे द्यायचे? मुद्दा खरा आहे. एका नराच्या शिकारीसाठी शेकडो पौंड देणारे लोक मी पाहिलेत, आणि ब्रिटनमधली पुष्कळ हरणं आजही हौशी लोकच मारतात. त्यांच्यात कुशल माणसं आहेत, आणि त्यांना या कामातून हाकलावं असं मी म्हणत नाही. पण हौस कॅलेंडर पाहून येते. हौशी माणसाला शिंगं हवी असतात, शनिवार हवा असतो, आणि जमलं तर ऊनही. संख्या कमी करायची तर माद्या माराव्या लागतात, कारण एक नर कितीतरी माद्यांना पुरतो; दहातले सात नर मारले तरी पुढच्या जूनमध्ये पाडसं तेवढीच. आणि रेड डिअर या डोंगरातल्या मोठ्या हरणाच्या माद्यांचा हंगाम इथे 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी, म्हणजे नेमका तो काळ जेव्हा हौशी माणूस शेकोटीपुढे बसून गेल्या सप्टेंबरच्या गोष्टी सांगत असतो. गावच्या मारुतीच्या देवळाला रंग द्यायला श्रमदान चालतं. रोजची गटारं साफ करायला चालत नाही, तिथे माणूस नेमावा लागतो. हे त्यातलं दुसरं.

दुसरा मुद्दा दरडोई पैशांचा. हरणामागे ठरावीक रक्कम दिली की हिशेब सरळ राहतो, काम झालं तेवढेच पैसे जातात, जनतेच्या पैशाला हेच शोभतं. ऐकायला इतकं रास्त वाटतं की मीही एके काळी असंच म्हणायचो. हिशेबनिसाला मोजता येणाऱ्या वस्तू आवडतात. पण समजा, कंत्राटदाराचा दिवसाचा खर्च शंभर पौंड आहे आणि दर हरणामागे सत्तर. हरणं भरपूर असताना तो दिवसाला चार पाडतो, एकशे ऐंशी पौंड सुटतात. दोन हंगामांनी हरणं विरळ आणि शहाणी होतात. आता दोन दिवसांत एक. म्हणजे दिवसाची मिळकत पस्तीस, तोटा पासष्ट. तो काय करेल? तेच करेल जे तुम्ही-मी केलं असतं: शेजारच्या, भरलेल्या डोंगरावर जाईल. आणि उरलेल्या थोड्या माद्या काही वर्षांत सगळं पुन्हा भरून काढतील. शेवटची हरणं सगळ्यात महाग पडतात आणि सगळं काम त्यांच्यावरच अडतं, हे दरडोई करारात कुठेच बसत नाही.

दादाला हे मी कपाशीच्या भाषेत सांगितलं. वेचणीची मजुरी आपण किलोने देतो, कारण कापूस आपल्याला हवा असतो. निंदणाची मजुरी उपटलेल्या काडीमागे देतो का? रोजाने देतो, नाहीतर एकराने ठेका देतो, कारण तिथे काडी नको असते, रान स्वच्छ हवं असतं. काडीमागे दिली तर बाया जिथे गवत दाट तिथेच बसतील, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. हरणं मारणं हे वेचणीचं काम नाही, निंदणाचं आहे.

डोकी मोजून पैसे देण्याचा इतिहासही काही चांगला नाही. दिल्लीत इंग्रजांनी मेलेल्या नागामागे बक्षीस ठेवलं आणि लोक नाग पाळू लागले, ही गोष्ट सगळे सांगतात, पुरावा कुणी दाखवत नाही. ती सोडून देऊ. 1902 मधल्या, फ्रेंच अंमलाखालच्या हनोईची मात्र कागदोपत्री आहे. फ्रेंच सरकारने प्लेगच्या भीतीने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं; शेपट्या ढिगाने येऊ लागल्या, आणि शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले, कारण जिवंत उंदीर पुन्हा व्यालेले बरे. आपल्याकडे फार लांब जायला नको. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब मागितला: 3,19,400 उंदीर सात दिवसांत मारले कसे? खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. महाराष्ट्र हसला आणि विसरला. पण त्यातली खरी गोष्ट हीच होती की मंत्रालयात उंदीर कमी झाले का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. संख्या मोजायची ठरली की वाद संख्येवरच होतो.

न्यूझीलंडचं उदाहरण मात्र माझ्या बाजूने जितकं आहे तितकंच माझ्या विरोधातही आहे, म्हणून ते टाळून पुढे जाणं बरं नाही. इंग्रजांनी शिकारीसाठी तिथे नेऊन सोडलेली हरणं एवढी माजली की 1930 साली त्यांचं संरक्षण काढावं लागलं. 1931 पासून सरकारने पगारी मारेकरी डोंगरात पाठवले. पगार थोडा, वर कातड्यामागे पैसे. काही दशकं ही माणसं तंबूत राहून, पाठीवर कातडी वाहत मारत राहिली. हरणं काही हटली नाहीत, कारण जिथून कातडं वाहून आणणं परवडेल तिथेच मारणं परवडत होतं. हटली ती साठ-सत्तरच्या दशकांत, जेव्हा हेलिकॉप्टरं आली आणि मांस पश्चिम जर्मनीला विकलं जाऊ लागलं. म्हणजे जे सरकारला जमलं नाही ते बाजाराने केलं. हे मान्यच करायला हवं. पण पुढे काय झालं? जिवंत मादीला फार्मवाले हजारो डॉलर देऊ लागले तेव्हा जाळी टाकून हरणं पकडली गेली. फार्म भरले, जंगली मांसाचे भाव पडले, हेलिकॉप्टरं उतरली, आणि हरणं पुन्हा वाढली. बाजार काम करतो ते त्याला परवडतं तोवर. रोपांना वाढायला मात्र वीस वर्षं लागतात.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. ज्याचं पोट हरणांवर आहे, तो हरणं संपवेल कशाला? दिवसाच्या मजुरीत तर तो आरामात शेकोटी करून बसेल. खरं आहे, दिवसाच्या मजुरीत आळस घुसतो हे रोजगार हमीच्या कामावर उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. पण म्हणून मोजमाप सोडायचं असं नाही, मोजायची वस्तू बदलायची. जंगलात ठरावीक जागी शंभर रोपं बघायची: यंदा किती रोपांचा शेंडा खुडलेला आहे? पन्नास असतील तर तीन वर्षांत दहावर आणायचे, तोवर दिवसांची मजुरी, आणि पोहोचला तर वर बक्षीस. शेंडा खोटा दाखवता येत नाही, कारण शेंड्याची शेपटी कापून आणता येत नाही. आणि करार एका वर्षाचा नको. वर्षाच्या करारावर माणूस स्वतःचं शीतघर बांधत नाही, भाड्याचं घेतो, आणि ते भाडं फिरून तुमच्याच बिलात येतं. जिथे जमीन मोठी आणि सलग आहे तिथे कंत्राटदारच नको, पगारी माणूस ठेवा, हेही मी माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हटलेलं आहे. जुन्या इस्टेटींवरचे पगारी रखवालदार कंत्राटदारांवर चिडतात त्याला कारण आहे: त्यांना डोंगर पाठ असतो, बाहेरच्याला तो भाड्याने शिकावा लागतो.

लांडगे आणा म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की मेंढपाळांच्या भरपाईचा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा. आमच्याकडच्या धनगराला विचारा, लांडगा फुकट असतो का. नसबंदी करा म्हणणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड आहे. तिथे शहराने 2016 पासून नर हरणांच्या नसबंदीवर लाखो डॉलर खर्च केले, आणि काम दिलं ते इतर गावांत नेमबाजीने हरणं मारणाऱ्या संस्थेलाच. भूल देणारा बाणही डोंगरात जाऊनच मारावा लागतो.

आता दादाच्या हरभऱ्याकडे. ब्रिटनमधल्या वहीत डावीकडे खर्च आणि उजवीकडे थोडंतरी मांस असतं. आपल्याकडे उजवी बाजू कोरी आहे. परवानगी घेऊन मारलेल्या रोह्याचं किंवा रानडुकराचं मांस विकता येत नाही, ते जाळायचं किंवा पुरायचं. म्हणजे इथल्यापेक्षा आपल्याकडे हे काम स्वस्त नाही, महाग आहे. केरळने 2022 मध्ये रानडुक्कर मारण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले, तेव्हा परवानाधारक नेमबाजाला डुकरामागे हजार रुपये आणि पुरण्याला दोन हजार असं ठरलं. पुढे नेमबाजाचे दीड हजार झाले. पुरणं मारण्यापेक्षा महाग! बिहारने 2016 च्या जूनमध्ये मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज आणून नीलगायी मारल्या, तेव्हा दिल्लीत प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी एकाच मंत्रिमंडळात बसून एकमेकांवर तुटून पडले. देशभर चर्चा झाली ती क्रौर्याची. पुढच्या हंगामात तिथे कोण जाणार, त्याला पैसे कोण देणार, शेतातलं नुकसान किती घटलं हे कोण मोजणार, यावर दोघांतलं कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही. शेतकऱ्यालाच बंदूक द्या, असं म्हणणारेही आहेत. दिवसभर राबून रात्री जागल करणाऱ्या माणसाच्या झोपेला आपण शून्य किंमत लावली, म्हणून तो उपाय स्वस्त दिसतो.

परवा दादाचा पुन्हा फोन आला. परवानगीचं अजून भिजत घोंगडं आहे, पण गावाने हिशेब काढून ठेवलाय. नेमबाज रोह्यामागे पैसे घ्यायला तयार झालाय, घासाघीस करून आकडाही खाली आणला. खड्ड्यासाठी जेसीबीवाल्याला विचारलं. तो तासाचे पैसे घेतो. खड्ड्यात एक रोही जावो की चार, आणि येण्याजाण्याचं डिझेल वेगळं. त्याच्याशी घासाघीस केली का, असं मी विचारलं. दादा म्हणाला, "त्याच्याशी कायची घासाघीस? मशीनचा रेटच तो हाये."